मोडलेल्या पाठीची शिकवणी

१९८० च्या पाकिस्तान दौऱ्यात ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याला तीन कसोटींत मिळून तीनच बळी मिळाले. भारतात तर तो एकही कसोटी खेळला नाही. तरीही १९८७ मध्ये तेव्हाच्या मद्रासला एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झालं, तेव्हा आपल्या पोरांना वेगवान गोलंदाजी शिकवायला बोलावणं गेलं ते त्यालाच. मी स्वतः जलदगती गोलंदाजांना शिकवतो आणि या निवडीइतकी अचूक निवड मला आपल्या क्रिकेटमध्ये क्वचितच दिसते.

लिलीचे ७० कसोटींतले ३५५ बळी सगळ्यांना पाठ असतात. त्याच्यातला प्रशिक्षक मात्र १९७३ मध्ये, वेस्ट इंडिज दौऱ्यावर, घडायला लागला. तिथे त्याच्या कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. पुढे कित्येक आठवडे अंगावर प्लास्टर. त्या काळी वेगवान गोलंदाजाची पाठ गेली की कारकीर्द संपली, असंच धरून चालत. लिलीने पर्थच्या विद्यापीठातल्या डॉ. फ्रँक पाइक यांच्याबरोबर शरीर नव्याने बांधलं, ॲक्शनही सुधारून घेतली. १९७४-७५ च्या ॲशेसमध्ये परतला तो २५ बळी घेऊनच. पुढे वेग उतरला, तसा लेगकटर धारदार होत गेला.

निसर्गदत्त ॲक्शनवर आयुष्य काढलेल्या गोलंदाजाला आपण नेमकं काय करतो ते सांगता येत नाही. कधी ते उकलून पाहायची वेळच आलेली नसते. लिलीवर ती वेळ आली होती.

पाठ का मोडते, ते सोप्या भाषेत सांगतो. पुढचा पाय क्रीजमध्ये आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार वर कमरेपर्यंत चढतो. खांदे आणि कंबर एकाच दिशेला असतील, तर तो सोसला जातो. कंबर फलंदाजाकडे उघडलेली आणि खांदे मात्र आडवे वळलेले, अशी ‘मिक्स्ड’ ॲक्शन असली की प्रत्येक चेंडूला कमरेचे मणके पिळले जातात. वाढत्या वयात हाड अजून कच्चं असतं. म्हणून पाठी जातात त्या बहुतेक पंधरा ते वीस वयातल्या पोरांच्या.

चेन्नईत लिलीने टी. ए. शेखर यांना सोबत घेऊन हेच काम केलं. आधी शरीर, मग धाव, मग ॲक्शन. स्विंग आणि यॉर्कर नंतर. तिथे आलेल्या शाळकरी सचिन तेंडुलकरला त्याने फलंदाजीकडे लक्ष द्यायला सांगितलं. कोणाला गोलंदाज करायचं नाही, हे ओळखणंही प्रशिक्षकाचंच काम! श्रीरामपूरच्या झहीर खानला शेखर यांनी हेरलं, तोही याच शाळेत घडला आणि ३११ कसोटी बळींपर्यंत गेला. ग्लेन मॅकग्रा ऑस्ट्रेलियातून इथे शिकायला आला होता. २०१२ मध्ये लिलीने सोडलेली जागा त्यानेच घेतली.

ऑस्ट्रेलियाच्याच मिचेल जॉन्सनला तर तो सतरा वर्षांचा असताना लिलीने हेरलं होतं. त्याचीही पाठ वारंवार दुखावली. पुढे पर्थला लिलीबरोबर त्याने आपल्या रन-अपवर काम केलं आणि २०१३-१४ च्या ॲशेसमध्ये ३७ बळी घेतले.

आपल्याकडे अजूनही चांगला वेग असलेला पोरगा शाळेकडून, क्लबकडून आणि जिल्ह्याकडून एकाच आठवड्यात खेळतो. तिन्हीकडची षटकं एका वहीत कोणीच मांडत नाही. कंबर दुखते म्हणाला, तर बाम लावून त्याला पुन्हा नेट्समध्ये उभा करतात. पालकांनो, ती वही तुम्ही ठेवा. गोलंदाजी करताना कमरेत, विशेषतः एका बाजूला, दुखतंय असं मुलगा किंवा मुलगी म्हणाली, तर त्याच दिवशी गोलंदाजी थांबवा आणि खेळाडूंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. एखादा मोसम बुडाला तर बुडू द्या. लिलीचाही बुडाला होता.