न्यू फोल्डरमधला वाघ

आपल्या होस्टेलमधल्या कुणाचाही कॉम्प्युटर उघडा. ‘न्यू फोल्डर’, त्याच्या पोटात ‘न्यू फोल्डर (२)’, त्याच्या पोटात ‘फोटो फायनल’ आणि शेजारी ‘फोटो फायनल खरे’! गॅदरिंग, इंडस्ट्रियल व्हिजिट, ताईचं लग्न, सगळे एकाच खाटेवर आडवेतिडवे झोपलेले. हवा तो फोटो वेळेवर सापडला तर नशीब. पण ताईच्या लग्नातला फोटो सापडला नाही म्हणून कुणाच्या जिवावर बेतत नाही, त्यामुळे आपलं चालून जातं.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मात्र असं चालत नाही. हे मला कळलं ते ताडोबाच्या बफरमध्ये, सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात. हिवाळ्याच्या सुट्टीत कॅमेरा ट्रॅपच्या कामाला स्वयंसेवक हवे होते, मी वीस दिवस गेलो. घरी सांगितलं, वाघ बघायला जातो. वाघ एकही दिसला नाही. मला काम मिळालं कार्डांचं. संध्याकाळी वनमजूर आणि गार्ड जंगलातून कार्डं आणायचे, मी ती लॅपटॉपला लावून फोटो उतरवून घ्यायचे आणि जागच्या जागी लावायचे. इतर पोरं जंगलात हिंडत होती आणि आपण कारकून, असा आधी राग आला. तो दोन दिवसांत उतरला.

कॅमेरा ट्रॅप म्हणजे झाडाला बांधलेली पेटी. समोरून गरम अंगाचं काही हललं की फोटो निघतो. वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात, दोन वाघांचे सारखे नसतात. त्यावरून एकेक वाघ ओळखायचा आणि पुन्हा पुन्हा कोण सापडतो यावरून एकूण किती असतील ते गणिताने काढायचं, ही पद्धत डॉ. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकात नागरहोळेला वापरली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. पूर्वी पावलांच्या ठशांवर मोजणी व्हायची. २००६ पासून देशभर दर चार वर्षांनी नव्या पद्धतीने अंदाज काढतात. २०१८ च्या खेपेला २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. फोटो निघाले ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३, आणि त्यात वाघाचे ७६,६५१. म्हणजे हजारात दोन! उरलेल्यात चितळ, रोही, रानडुक्कर, गाई-म्हशी, सायकलवाले, आणि वाऱ्याने हललेलं गवत. गवताचे फोटो किती असतात ते मला विचारा.

आता खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक कॅमेरा आपल्या कार्डावर ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर करतो आणि नंबर पुन्हा ०००१ पासून सुरू करतो. चाळीस कॅमेरे म्हणजे ०००१ नावाचे चाळीस फोटो. दोन कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली की विंडोज सभ्यपणे विचारतो, ‘रिप्लेस करू का?’ दमलेला माणूस ‘हो’ म्हणतो आणि नाल्यावरचा वाघ गवताखाली कायमचा गाडला जातो. म्हणून आमच्याकडे नियम होता. कार्ड रीडरमध्ये जाण्याआधी फोल्डर तयार पाहिजे. त्याचं नाव, आधी ठिकाणाचा नंबर, मग कॅमेरा ‘अ’ की ‘ब’, मग तारीख. तारखेत वर्ष पहिलं, मग महिना, मग दिवस. आपण दिवस आधी लिहितो, पण तसं केलं की कॉम्प्युटर सगळे १ तारखेचे फोटो एकत्र लावतो, जानेवारीतले असोत की जूनमधले. वर्ष आधी लिहिलं की नावाप्रमाणे लागलेली रांग आपोआप काळाचीही रांग होते. इतकी साधी गोष्ट, पण चार सेमिस्टरमध्ये कुणी सांगितली नव्हती.

मग फोटोंची नावं बदलायची, ठिकाण आणि वेळ धरून. हे हाताने करत नाहीत. फोटोच्या आतच एक्सिफ नावाची चिठ्ठी असते, तिच्यात काढल्याची तारीख-वेळ असते. एक्सिफटूल हा फुकटचा प्रोग्राम ती वाचून हजार फोटोंना मिनिटाभरात नावं देतो. फाईलची ‘मॉडिफाइड’ तारीख मात्र कधी धरू नये, कुणी फोटो उघडून थोडा फिरवून सेव्ह केला की ती बदलते. नंतर दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी, दोन्हीकडची संख्या जुळवून बघायची आणि तेव्हाच कार्ड फॉरमॅट करायचं, तेही कॅमेऱ्यातच. हा क्रम कुणी मोडला की आमचे टीम लीडर जेवण वाढेपर्यंत बोलायचे. (जेवण चांगलं असायचं, म्हणून सहन केलं.)

पण एक्सिफची चिठ्ठी लिहितं कोण? कॅमेऱ्यातलं घड्याळ. तेच चुकलं असेल तर?

एका पहाटे गावाच्या कडेला एक गोऱ्हा मेला. वाघाने मारला होता हे उघड होतं. त्या भागात दोन पिल्लांची वाघीण फिरत होती, रस्त्यावर अनेकांना दिसली होती. सकाळी क्वार्टरसमोर तीस-चाळीस माणसं. तिलेच पकडा, उद्या माणूस धरंल! त्यांचं चूक म्हणवत नाही. याच जिल्ह्यांत मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना, ढोरं चारताना माणसं गेली आहेत. वडसा वनविभागात ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडलेल्या ‘सीटी-१’ वाघाच्या नावावर तेरा बळी होते, त्याला नागपूरला गोरेवाड्याला नेलं. अशा ठिकाणी ‘कोणता वाघ’ हा प्रश्न घरातल्या माणसाचा असतो. आणि चुकीचा वाघ पिंजऱ्यात गेला तर खरा बाहेरच राहतो.

जवळच्या नाल्यावर आमची कॅमेऱ्यांची जोडी होती. जोडी कशासाठी? वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगवेगळे असतात. एकच बाजू दिसली तर दुसऱ्या बाजूवरून त्याला ओळखता येत नाही. समोरासमोर दोन कॅमेरे लावले की दोन्ही बाजू एकाच वेळी मिळतात. त्या दिवशीची कार्डं उतरवली. ‘अ’ मध्ये पहाटे ५:४० ला डावी बाजू, मागचा भाग धूसर, आणि हे पट्टे आमच्या यादीत नाहीत. ‘ब’ मध्ये उजवी बाजू, ती यादीतल्या एका मोठ्या नराची, पण वेळ संध्याकाळची १७:४०. वेळेप्रमाणे रांग लावली तर गोष्ट सरळ दिसते. पहाटे कुणी अनोळखी आला, म्हणजे वाघीणच असणार, आणि नर दिवस बुडताना सहज येऊन गेला. क्वार्टरबाहेर तेच बोलणं सुरू होतं.

आता पाटी कामाला आली. कॅमेरा बसवताना वनमजूर काका कॅमेऱ्यासमोर पाटी धरून उभे राहायचे. तिच्यावर खडूने ठिकाण, तारीख, वेळ. म्हणून प्रत्येक कार्डाचा पहिला फोटो काकांचा. ‘ब’ चा पहिला फोटो उघडला. काकांच्या पाटीवर सकाळचे ८:१५, उन्हं कोवळी, आणि फोटोच्या खालच्या पट्टीत कॅमेऱ्याची वेळ २०:१५. बारा तासांचा फरक, सकाळ-संध्याकाळ उलटी. बारा तास वजा केले आणि दोन्ही फोटो एकाच मिनिटावर येऊन बसले. डावी आणि उजवी, एकच वाघ, तो नर. वाघीण त्या पहाटे नाल्यावर आलीच नव्हती. नरानेच गोऱ्हा मारला असं यावरून सिद्ध होत नाही, हे गार्डसाहेबांनी लोकांना सांगितलं आणि ते बरोबर होतं. पण ‘तिलेच पकडा’ मात्र थांबलं. लोकांनी लॅपटॉपवर दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले, एका आजोबांनी तर पट्टे बोटाने मोजले.

ताडोबाला येणाऱ्या पर्यटकांच्या कार्डांचं काय होत असेल, हा विचार तेव्हापासून डोक्यात आहे. माया वाघिणीचे किती हजार फोटो लोकांनी काढले असतील! २०२३ च्या ऑगस्टनंतर ती दिसेनाशी झाली, नोव्हेंबरमध्ये जंगलात अवशेष सापडले आणि डीएनए तपासणीतून ती मायाच ठरली. त्या महिन्यातले तिचे फोटो कुणाकुणाच्या ‘न्यू फोल्डर (३)’ मध्ये पडून असतील, ज्याचं त्यालाही माहीत नसेल.

निघायच्या आदल्या रात्री काका क्वार्टरवर आले. बराच वेळ उगाच बसले, मग म्हणाले, “बाबू, माहा एक फोटो काढून देजो ना जी. घरी एक बी नाही. रेशन कार्डावरला हाय तेवढाच, त्यात मी वळखू येत नाही.”

मी म्हटलं, “काका, तुमचे चाळीस आहेत माझ्याकडे!”

सगळे उघडून दाखवले. प्रत्येकात पाटी पुढे, मागे काका, कुठे डोळे मिटलेले, कुठे अर्धं डोकं कापलेलं. त्यांनी एकेक नीट पाहिला. कोणता फोटो कोणत्या ठिकाणचा ते फोल्डरचं नाव न वाचताच झाडावरून सांगत होते, आणि एकदाही चुकले नाहीत. शेवटी तळ्याकाठचा पसंत केला. सिंदेवाहीच्या स्टुडिओत मोठा प्रिंट काढून दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर त्यांच्या हातात दिला. पाटी कापून टाकू का, असं स्टुडिओवाल्याने विचारलं होतं. काकांना फोन लावून विचारलं तर म्हणाले, “राहू दे जी, तारीख हाय तिच्यावर.”