रेतीचे मुद्दल

दवनीवाडा परिसर वैनगंगेच्या खोऱ्यातला. घरोघरीचे बांधकाम नदीच्या रेतीवर उभे. बँकेतील नोकरीने मला मुद्दल आणि व्याज यांतील भेद शिकवला. पुराबरोबर दरवर्षी येणारी रेती हे व्याज, तळाचा जुना थर हे मुद्दल. तो उपसला की काठच्या विहिरींचे पाणी खोल जाते. उन्हाळ्यात रेतीत अंडी घालणारी कासवे आणि नदी सुरय पक्षी निराधार होतात. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. परंतु अंकुश ग्राहकाच्याही हाती आहे. घर, दुकान वा स्थानक बांधताना रेतीचा वाहतूक परवाना अवश्य मागावा. परवाना नसेल, तर स्वस्त रेतीही परत पाठवावी. अहिंसा खरेदीतही पाळायची असते.