मुहूर्त बारशाचा काढा



परवा नणंदबाईंचा फोन आला. "वहिनी, सुनेच्या सिझरसाठी उत्तम मुहूर्त निघालाय." पहिलं सिझर, म्हणून हेही सिझरच ठरलेलं. पण तारीख मोजली तर 37 वा आठवडा!

मला माझा धाकटा आठवला. तेव्हा इथे शिरूरला सुरुवातीची सोनोग्राफी मी केलीच नव्हती. शेवटच्या पाळीपासून 280 दिवस मोजले. पण हा हिशोब 28 दिवसांनी पाळी येणारीचा; माझी यायची 40 दिवसांनी. बाळ कागदावर 37 आठवड्यांचं, खरं तर जेमतेम 35 चं. आम्ही मुहूर्त साधला. मग सहा दिवस बाळ बीडला काचेच्या पेटीत धापा टाकत होतं, आणि मी बाहेर नवकार म्हणत होते.

शेवटच्या आठवड्यांत बाळाची फुप्फुसं, मेंदू तयार होत असतात. म्हणून काही धोका नसेल तर 39 आठवड्यांआधी घाई करू नये. बीपी वाढलं, बाळाची हालचाल कमी झाली, तर मात्र लगेच दवाखाना गाठावा. तिथे थांबणं चूकच.

कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या जन्माआधीचे नऊ महिने साडेसात दिवस आपण दर पर्युषणात ऐकतो. तिथेही दिवस पूर्ण भरलेच ना?

सुनेची पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी मी जपून ठेवली आहे. तारीख त्यावरूनच डॉक्टर ठरवतील. नणंदबाईंना म्हटलं, "मुहूर्त बारशाचा काढा."