सांध्यातलं कुंकू

वीकेंडला मित्र मल्टिप्लेक्सला जातात, मी पुण्याहून केमची गाडी पकडतो. ‘तिकडे आहे काय?’ कुंकू आहे! करमाळा तालुक्यातलं आमचं गाव त्यासाठीच फेमस. आणि आहे मिस्त्रीकाकांचं लेथ मशीन. पलंगाचे पाय कातणाऱ्या त्या मशीनवर मी चक्क पेन बनवायला शिकलोय. तेही जोडलाकडाचं.

फंडा सोपा वाटतो. बाभळीचे आणि शिसवी तुकडे एकाआड एक चिकटवायचे, मधोमध ७ मिलिमीटरचं भोक पाडायचं, पितळी नळी बसवायची आणि कातायचं. माझी पहिली दोन पेनं फुटली. सांध्यातच. ‘ड्रिल रेटू नकोस. लाकूड तापलं की चिकटवलेलं सुटतं. थोडं आत घाल, बाहेर काढ, भुसा झाड, परत आत,’ काका म्हणाले. डेडलाइनवर जगणाऱ्या मला तेच जमेना.

बाभूळ आमच्याच बांधावरची. आई गेली त्या पावसाळ्यात पडलेली. तिसऱ्या वेळी मी आईच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू इपॉक्सीत कालवलं आणि ते रात्रभर वाळू दिलं. सकाळी कातताना प्रत्येक सांध्यात बारीक लाल रेघ उमटली.

पेन बाबांना दिलं. ते हिशेबाच्या वहीपलीकडे काही लिहीत नाहीत. त्यांनी लाल रेघेवरून हळूच नख फिरवलं. ‘चालतंय का बघू,’ म्हणत वहीच्या मागच्या पानावर आईचं नाव लिहिलं.

‘चालतंय,’ म्हणाले आणि पेन खिशाला लावलं.