आटण्याचा हिशेब

सदाशिव पेठ, पुणे

चि. बाळ यास,

तुझे पत्र पोचले, आणि बिअरचा काढा फार आटतो म्हणून शेवटचा अर्धा तास तू पातेल्यावर झाकण घातलेस, हे वाचून मला राहवले नाही. आपल्या अप्पांचे द्राक्षारिष्ट शिजताना ज्याने चुलीपाशी बसून धूर सोसला, त्याने आटण्याला नुकसान समजावे? माल्टचा काढा उकळताना शिजलेल्या मक्यासारख्या वासाचे एक गंधकयुक्त द्रव्य तयार होते. ते वाफेबरोबर निघून जावे म्हणून तर तोंड उघडे ठेवावयाचे, आणि झाकण असले की तेच थेंबाथेंबाने पुन्हा खाली उतरते.

आरंभी पाणी किती घ्यावे, एवढेच तू विचारले होतेस. आयुर्वेदात शार्ङ्गधराने काढ्याला सोळापट पाणी व अष्टमांश शेष सांगितला, किती घटका उकळावे हे सांगितले नाही. कारण चूल, लाकूड आणि भांड्याचे तोंड घरोघरी निराळे. अप्पा म्हणूनच आधी उरवावयाचे तेवढेच पाणी भांड्यात घालीत, बांबूची काठी उभी धरून ओल जेथवर चढली तेथे खाच पाडीत, मग उरलेले पाणी ओतीत, आणि काढा खाचेवर येईपर्यंत कोणाला चुलीपासून हलू देत नसत.

तुला मात्र तासाचेही बंधन आहे, कारण हॉप्सचा कडूपणा उतरावयास तेवढी उकळी लागते, त्यातून तुमच्या डेन्व्हरच्या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळत असल्याने तो अधिकच सावकाश उतरणार. तेव्हा त्याच पातेल्यात, त्याच आचेवर, नुसते पाणी तासभर उकळून किती लिटर गेले याची नोंद कर आणि तेवढे आरंभीच जास्त घे. वाफेचे प्रमाण आचेवर आणि पातेल्याच्या तोंडावर ठरते, म्हणून निम्म्या घाण्याला निम्मी तूट धरणारे तुझे शेकडेवारीचे कोष्टक फाडून टाक. शर्करा आटत नाही: १.०४० घनतेचा २८ लिटर काढा १.०५० वर आला म्हणजे २२.४ लिटर उरला. उकळते माप निवल्यावर शेकडा चार आकसते, तेही खाती धर.

येथे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने असे पातेले घरी चढविता येत नाही. तुमच्या अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली आहे. मोकळीक मिळालेल्याने तर काम अधिकच काटेकोर करावे.

पण खरे सांगतो, माझे मन आकड्यांत नाही. हॉप्स पडताच फेस एकदम चढतो, काठावरून उतू जातो, आणि तुमच्याकडे मूल रांगते आहे. पातेले काठोकाठ भरू नकोस, सूनबाईला सांगून स्वयंपाकघराचे दार लावून घे. गरम भांडे एकट्याने उचलू नकोस. पाठीच्या दुखण्याबद्दल दोन ओळी लिहून तू विषय बदललास, ते माझ्या नजरेतून सुटलेले नाही. डॉक्टरांकडे गेलास की नाही ते आधी कळव. पाण्याचे आकडे नंतर.

तुझा
मामा