फिरऔनच्या देशातला शेतकरी

इजिप्त म्हटले की आमच्या घरात एकच नाव निघायचे : फिरऔन. रमजानच्या रात्री तरावीह झाल्यावर दादी आम्हा भावंडांना हजरत मूसांची गोष्ट सांगायची. दर्या दुभंगायचा, फिरऔन बुडायचा आणि आम्ही निर्धास्त झोपी जायचो. मोहल्ल्यातला कोणी पैशाने माजला की दादी म्हणायची, "फिरऔन झालाय मेला!" त्या देशात फिरऔनखेरीज आणखीही माणसे राहत होती, हे आमच्या कधी ध्यानातच आले नाही.

पुढे वाचनाच्या नादात त्या माणसांच्या गोष्टी हाती आल्या. फ्रेंच विद्वान शांपोलियाँने १८२२ मध्ये त्यांच्या चित्रलिपीचा उलगडा केला. त्याआधी हजारावर वर्षे ती लिपी कोणालाच वाचता येत नव्हती.

त्यांतली एक गोष्ट आम्हाला फार आपली वाटली. ती सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची. तिच्या पपायरसवरच्या प्रती बर्लिन आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. खूनअनूप नावाचा गरीब माणूस गाढवांवर माल लादून धान्य आणायला निघतो. वाट अरुंद, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सातूचे पीक. नेमतीनख्त नावाचा लबाड माणूस मुद्दाम वाटेवर कापड अंथरतो. गाढव तोंडभर सातू खाते आणि तेवढ्यासाठी तो सगळी गाढवे हिसकावून घेतो, वर मारहाणही करतो.

खूनअनूप रेन्सी नावाच्या बड्या अधिकाऱ्याकडे फिर्याद नेतो. त्याची वाणी अशी, की राजा हुकूम देतो : याला उत्तर देऊ नका, बोलू द्या आणि बोलणे लिहून घ्या. त्याच्या बायकामुलांना धान्य पोचवले जाते, पण त्याला त्याचा पत्ता नसतो. तो ९ वेळा दाद मागतो. मध्येच चाबकाचे फटके खातो, तरी चोरीला आळा घालणाराच चोर झाल्याचे अधिकाऱ्याला तोंडावर सुनावतो. अखेर नेमतीनख्तची मालमत्ता त्याला मिळते.

त्याच्या तोंडी सारखा एक शब्द येतो, माअत. सत्य, न्याय, जगाची घडी, सारे त्या एका शब्दात. पुराणकथांत माअत ही देवी आहे आणि शहामृगाचे पीस तिची खूण. मेलेल्याचे हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि ते पीस दुसऱ्यात. हृदय खोटे ठरले तर मगरीच्या तोंडाची अम्मित ते गिळते. आपण कोणाला रडवले नाही, मापात पाप केले नाही, असे मृताला सांगावे लागे. त्यांचे देव अनेक, आमचा अकीदा निराळा. पण कयामतच्या दिवशी हातपाय साक्ष देतील हे ऐकत वाढलेल्या आम्हाला हा तराजू अनोळखी वाटला नाही.

माणसे मात्र तीही आपल्यासारखीच. प्रेताच्या छातीवर ते दगडी भुंगा ठेवत. हृदयाने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये, असा मंत्र त्यावर कोरलेला असे.

या गोष्टी शेतकऱ्यांनी नव्हे, शिकलेल्या लेखनिकांनी लिहिल्या, हे खरे. पण सत्तेच्या सावलीत बसणाऱ्यांनाही गरिबाची फिर्याद लिहून जपावीशी वाटली, ही गोष्ट लहान नाही.

यामुळे फिरऔनचा गुन्हा हलका होत नाही. पण आम्ही एका राजाच्या नावावर अख्खी कौम जमा केली होती. खरे तर आम्हाला हे आधी कळायला हवे होते. कुठल्याशा बादशहाचा हिशेब आजही आमच्याकडे मागितला जातो. तेव्हा आम्हीच म्हणतो की आमच्या बापजाद्यांनी नांगर धरला, माग चालवला, त्यांच्याबद्दल विचारा.

ही गोष्ट आम्ही दादीला वाचून दाखवली होती. दादा गेल्यानंतर सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून ती कितीतरी वर्षे एका कचेरीत हेलपाटे घालत होती. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"किती अर्ज केले म्हणालात त्याने?"

"नऊ."

"नऊच?" दादी म्हणाली. मग जरा थांबून, "आणि तेही फिरऔनच्या राज्यात?"