भायखळ्याचा दगडी हत्ती आणि हस्तिदंती बांगड्या

आमच्या वरठीच्या स्टेशनावर पाटी ‘भंडारा रोड’ अशी आहे, पण स्टेशन वरठीचेच. दुपारी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसले की सकाळी मुंबई. गेल्या सुट्टीत मुलीला राणीच्या बागेतले पेंग्विन पाहायचे होते. मला मात्र त्याच आवारातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहायचे होते. ठरले, आधी पेंग्विन, मग संग्रहालय.

इमारतीबाहेर काळ्या दगडाचा मोठा हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. 1864 मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, तेव्हा उचलताना तो पडून फुटला. पुढे तुकडे जोडून इथे उभा केला.

सध्याची इमारत 1872 ची. आत त्या काळच्या मुंबईची कारागिरी मांडली आहे: चांदी, शिंग, चंदन, सडेलीच्या पेट्या आणि हस्तिदंत. हस्तिदंताचे कोरीवकाम पाहून मुलगी म्हणाली, “अम्मी, एवढे हत्ती आपल्याकडे होते?”

नव्हते. एक तर आपल्या हत्तिणीला मोठे सुळे नसतात. आफ्रिकेतल्या नराला आणि मादीला, दोघांनाही असतात, आणि ते मोठे असतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईत उतरणारा बराचसा हस्तिदंत झांजीबारहून जहाजाने येई. त्यातला मोठा वाटा बांगड्यांसाठी जाई. सुळा बुडाशी पोकळ असतो. त्याचे आडवे काप काढून कडी कातत, मोठ्या कड्याच्या आतून लहान कडे निघे. म्हणून चुडा मनगटापासून दंडापर्यंत चढत्या मापाचा भरता येई. गुजरात, कच्छ, मारवाडातल्या नवरीला तो लागेच. नवरा वारला की चुडा फोडत, म्हणून मागणी कधी संपत नसे. हे काम करणाऱ्या चुडीगरांत आपले मुसलमान कारागीर पुष्कळ. आमच्याकडे चाँदरातीला मनिहारीण काचेच्या बांगड्या घेऊन बसते, तिचा धंदा याच्याच जवळचा.

झांजीबारच्या टोकालाही आपलीच माणसे होती. कच्छचे खोजा व्यापारी थारिया टोपण (1823–1891) लवंग आणि हस्तिदंतावर श्रीमंत झाले. इंग्रजांनी त्यांना ‘सर’ केले. झांजीबारच्या किनाऱ्यावर त्यांनी बांधलेला नक्षीदार दवाखाना आजही उभा आहे. त्यांनी पैसा पुरवला त्यांत टिप्पू टिप हा झांजीबारचा सौदागर होता. तो काँगोपर्यंत काफिले नेई, हस्तिदंत आणी, आणि माणसेही विके. सुळे खांद्यावर घेऊन शेकडो मैल चालणाऱ्यांत मजुरीचे हमाल होते तसे गुलामही होते. झांजीबारचा गुलामांचा बाजार 1873 मध्ये बंद झाला.

आम्ही वर्गात व्यापार शिकवतो तो नकाशावरचे बाण काढून. बाणाखाली कोण चालत होते, ते फळ्यावर येत नाही. मुसलमान व्यापाऱ्यांच्या कर्तबगारीवर आपण अभिमानाने लिहितो, लिहावेच. पण हा काफिला वगळून लिहू नये.

अबू दाऊदमध्ये एक रिवायत आहे. हुजूर (स.) यांनी हजरत फातिमा (रजि.) यांच्यासाठी ‘आज’च्या दोन कंगनांची खरेदी करायला सांगितले. ‘आज’ म्हणजे हस्तिदंत की कासवाची पाठ, यावर उलेमांत मतभेद आहेत, आणि सनद काहींनी कमजोर मानली आहे. हनफी फिकहमध्ये हस्तिदंत पाक आहे, शाफईत नाही. म्हणजे आम्हा विदर्भवाल्यांचे आणि कोकणी भावांचे इथेही एकमत नाही!

मुलीला मी हे सगळे सांगितले नाही. तिने एवढेच विचारले, “दात काढायला हत्तीला मारावेच लागते?” सुळ्याचा मुळाकडचा भाग कवटीत रुतलेला असतो, म्हणून शिकारी मारूनच काढतात, असे सांगितल्यावर ती थोडा वेळ काचेसमोरच थांबली.

आता हा धंदा बंद आहे. भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर 1986 मध्ये बंदी आली, आफ्रिकेच्या 1991 मध्ये. नानीच्या पेटीत जुनी हस्तिदंती बांगडी निघाली तर ती विकता येत नाही, आणि ठेवायची असेल तर मालकीचे प्रमाणपत्र लागते. वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करावी. संग्रहालय भायखळा स्टेशनहून पायी जाण्याजोगे आहे, बुधवारी बंद असते.